‘मले’ची दुरुस्ती

सत्तरी ओलांडल्यावर मला नोकरी लागली. पगार नाही, हजेरीपट नाही आणि मुख्याध्यापक माझीच मुलगी. अमरावतीत विद्यापीठाच्या रस्त्याला तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. जुनी पुस्तकं, जुने प्रबंध, कुणाच्या आजोबांचं छापील चरित्र असं काहीही घेऊन लोक येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, याचं टाइप करून द्या.’ पूर्वी ती दोन मुलींना बसवून पुन्हा टाइप करवून घ्यायची. आता पान स्कॅनरच्या काचेवर पालथं ठेवायचं, झाकण लावायचं, पानाचा फोटो निघतो आणि संगणक त्या फोटोतली अक्षरं ओळखून लिहून देतो. ती त्याला ओसीआर म्हणते. मी त्याला ‘ढ विद्यार्थी’ म्हणतो.

ढ म्हणजे किती ढ! ‘घर’ला ‘धर’, ‘भात’ला ‘मात’, ‘खरे’ला ‘रवरे’. एका वैद्यांच्या पुस्तकात ‘मध चाटावा’ होतं, तिथे यानं ‘मघ वाटावा’ लिहिलं. छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला यापेक्षा मोठं सुख नाही. सकाळी दहा वाजता मी कूलरसमोरच्या खुर्चीत बसायचो, डाव्या हाताला मूळ पुस्तक, समोर पडदा, आणि एकेक चूक शोधून चिमटीत पकडायचो. मुलगी म्हणायची, ‘बाबा, तुमच्यासारखं कोणी तपासत नाही.’ मी मान हलवायचो. खरं तर मला तेवढंच येतं. दुसऱ्याच्या लिहिण्यात चूक काढणं.

मागच्या उन्हाळ्यात माझी बायको गेली. अकोल्याचं घर बंद केलं, किल्ली शेजारी दिली आणि मुलीकडे राहायला आलो. जावई वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगच्या धंद्यात असतात, शनिवार-रविवारी येतात. बाकी आठवडा आम्ही दोघं बाप-लेक. तिच्या आईबद्दल आम्ही फार बोलत नव्हतो. एकानं विषय काढला की दुसऱ्याला पाणी प्यायला उठायचं असायचं.

यंदाच्या वैशाखात एक दिवस मुलीनं माझ्यासमोर एक बारीक पुस्तक ठेवलं. छप्पन्न पानं, फिकट हिरवं मुखपृष्ठ. ‘आईचं आहे. शिलाई मशीनच्या खणात सापडलं होतं. एवढी एकच प्रत राहिली बाबा, माळ्यावरच्या सगळ्या वाळवीनं खाल्ल्या. तिला जाऊन वर्ष होतंय, त्या दिवशी नवीन छापून वाटू. तीन आठवडे आहेत. मी स्कॅन करते, तुम्ही तपासा.’

मी ‘बरं’ म्हणालो. मनात म्हटलं, हे सोपं काम आहे. हे पुस्तक मला पाठ आहे.

ते पाठ का होतं, ते सांगायला हवं. ही, म्हणजे माझी बायको, हिवरखेडची. सातवीपर्यंत शिकलेली. वडिलांचा पानमळा होता, विड्याच्या पानांचा. लग्नाआधीचं सगळं आयुष्य त्या मळ्याच्या सावलीत गेलं. मुलगी सासरी गेल्यावर दुपारी हिला करमेना, तेव्हा हिनं एक दोनशेपानी वही घेतली आणि लिहायला लागली. मळा, विहीर, पानं खुडणाऱ्या बाया, तिची आई, शाळेत मिळालेली पाटी, लग्न. वहीच्या पहिल्या पानावर तिनं नाव घातलं होतं, ‘मले आठवते ते’. एक दिवस ती वही माझ्यासमोर ठेवून म्हणाली, ‘पाहा बरं, मास्तर. काई जमलं का.’

मी लाल पेन काढलं.

मला त्या ‘मले’चा राग होता, आणि तो राग जुना होता. मी काही पुण्यात जन्मलो नाही. मी मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातला, माझी आईही ‘मले’च म्हणायची. पण तरुणपणी एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो, तिथे पहिल्याच दिवशी जेवणाच्या पंगतीत मी ‘मले पानी पायजे’ म्हणालो आणि वाढणारा थांबला, शेजारचा हसला, मग सगळी रांग हसली. पुढे दोन महिने मला तिथे ‘मले’ याच नावानं हाक मारायचे. परत आलो तो जीभ धुऊन आलो. पुन्हा कधी माझ्या तोंडून ‘मले’ निघालं नाही, आणि घरात कुणाच्या तोंडून निघू दिलं नाही. मुलगी लहानपणी ‘मले भूक लागली’ म्हणाली तर मी ताट थांबवायचो. ‘मला म्हण, मग वाढीन.’ बायकोला तर एक्केचाळीस वर्षं दुरुस्त करत आलो. ती माझ्यासमोर शक्यतो ‘मला’ म्हणायची, आणि म्हणताना प्रत्येक वेळी एक अडखळ यायची. ती अडखळ मला ऐकू यायची. मी तिला प्रगती समजायचो.

तर लाल पेन काढलं आणि ती वही मी शुद्ध केली. नुसतं शुद्धलेखन नव्हे. वाक्यंच्या वाक्यं बदलली. ‘पानमया’चा ‘पानमळा’ केला, तिथवर ठीक होतं. पण मग मळ्याला ‘हिरवीगार शोभा’ आणली, विहिरीचं पाणी ‘स्फटिकासमान’ केलं. नाव बदलून एक असं जडजंबाल संस्कृत नाव दिलं की ते आज सांगायचीसुद्धा लाज वाटते. अकोल्यातल्या एका छापखान्यात दिलं, आणि लग्नाच्या वाढदिवसाला चार माणसं बोलावून तिच्या हातात पुस्तक ठेवलं. मीच उभा राहून पहिली दोन पानं वाचून दाखवली. खड्या आवाजात. वाचता येतं मला.

ती पदराखाली हात घेऊन ऐकत होती. वाचून झालं तेव्हा म्हणाली, ‘चांगलं हाय. पन हे कोनाचं व्हय?’

सगळे हसले. मीही हसलो. लेखिकाबाईंचा विनय, म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं आणि चहा आला.

त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही. वहीबद्दल मात्र दोनदा विचारलं. ‘माही वही कुठी हाय?’ मी म्हणालो, ‘छापखान्यात असेल. आता वहीचं काय करायचंय, छापलं ना?’ छापखाना माझ्या शाळेच्या वाटेवर होता. निवृत्त होईपर्यंत रोज त्या गल्लीच्या तोंडावरून सायकल गेली, आणि एकदाही मी पाय टेकून ती वही मागितली नाही. मला त्यात मागण्यासारखं काही वाटलं नाही.

मुलीनं पुस्तक स्कॅन केलं. छपाई स्वस्तातली, शाई उडालेली, म्हणून तिनं यंत्राला सगळं दोन पायऱ्या गडद करायला सांगितलं. मजकूर पडद्यावर आला. मी मूळ पुस्तक डाव्या हाताला ठेवलंच नाही. ठेवायची गरज काय? त्यातला प्रत्येक शब्द माझा होता.

पहिली ओळ. पुस्तकात होतं, ‘मला आठवते तेव्हापासून आमचा पानमळा होता.’ पडद्यावर होतं, ‘मले आठवते तेव्हापासून’.

मी सवयीनं ‘ले’ खोडला आणि ‘ला’ टाइप केला. पुढे गेलो. चार ओळींखाली ‘आई मले हाक मारी’. तिथेही ‘ला’ केला. तिसऱ्यांदा ‘त्याले’ आलं आणि माझं बोट त्या कळीवरच राहिलं. हे मी दुसऱ्यांदा करत होतो. तेच शब्द, तीच दुरुस्ती, फक्त लाल पेनाच्या जागी कळ. आणि आता तर ती समोर बसूनही नव्हती.

मुलगी मागून पाहत होती. तिनं माझ्या खांद्यावरून ती ओळ मोठ्यानं वाचली, ‘आई मले हाक मारी.’ मग थांबली, आणि हळूच म्हणाली, ‘आई बोलून राहिली, बाबा.’

मी मुलीकडे पाहिलं. मोठी झाल्यापासून माझ्यासमोर असं वऱ्हाडीत बोलायची तिची ही पहिली वेळ असावी. तिलाही ते कळलं, तिनं ओठ दाबले. मी दुरुस्त केलेले दोन्ही ‘ला’ परत ‘ले’ केले.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की पुस्तक परत आईच्या बोलीत करायचं. मी ठरवलं, असं म्हणायला हवं. तीन आठवड्यांत माझं सगळं पुसायचं आणि तिचं तिला परत द्यायचं. आयुष्यात एवढी एक गोष्ट तिनं माझ्याकडे तपासायला दिली होती आणि मी ती बिघडवून ठेवली होती. मला ती सुधारून द्यायची होती, आणि ती आता घ्यायला नव्हती, म्हणून आणखीच द्यायची होती.

संगणकात एक सोय असते. एक शब्द सांगायचा, त्याच्या जागी दुसरा सांगायचा, सगळीकडे एका क्षणात बदलतो. मी म्हटलं, एवढ्यासाठी तीन आठवडे कशाला? ‘ला’च्या जागी ‘ले’. कळ दाबली. यंत्रानं कळवलं की बदल झाले. मी ऐटीत वाचायला घेतलं. ‘अकोले येथे आमचे बिऱ्हाड होते.’

‘अकोले?’ मुलगी म्हणाली. अकोल्याचं अकोले झालं होतं. म्हणजे आमचा संसार एका कळीसरशी वऱ्हाडातून उचलून थेट नगरकडच्या तालुक्यात नेऊन टाकला होता. दिवाळीचे लाडू ‘लेडू’ झाले. नव्या नवरीला ‘लेज’ वाटली. मी पहिल्यांदा तिला पाहायला गेलो ते वाक्य ‘तो पाहुणा म्हणून आले’ असं उभं होतं. मुलगी हसायला लागली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला, तोंड ओढणीत घातलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी कूलरचा आवाज ऐकत बसलो.

मग हातानं करायला घेतलं, एकेक ओळ. ‘मला’चं ‘मले’ होत होतं, ‘तुम्हाला’चं ‘तुमाले’, ‘का’चं ‘काहून’. पण पुढे? विहिरीचं पाणी ‘स्फटिकासमान’ होतं, तिथे तिनं काय लिहिलं होतं? ‘हिरवीगार शोभा’च्या जागी काय होतं? मला आठवेना. मी तिचा शब्द वाचला तरी होता का, हेच आठवेना. खोडायचं म्हणून जेवढं पाहावं लागतं तेवढंच पाहिलं असणार. एक्केचाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिच्या तोंडचं एक वाक्य मला पुरं जुळवता येत नव्हतं, कारण ती बोलायची तेव्हा मी ऐकत नव्हतो, तपासत होतो.

‘तू सांग,’ मी मुलीला म्हणालो. ‘तुझ्याशी बोलायची ना?’

‘तुम्ही घरात नसले की बोलायची. तुमची सायकल वाजली की आम्ही दोघी मराठीत यायचो.’ तिनं ते सहज सांगितलं.

अडलं ते एका वाक्यावर. लग्नाच्या प्रकरणात, पाठवणीच्या वेळी, माझ्या पुस्तकात होतं, ‘आईचे अंतःकरण भरून आले.’ मी हिवरखेडला बायकोच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. ती त्या पाठवणीला हजर होती, दहा-अकरा वर्षांची असेल. वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, तुझ्या ताईनं हे कसं लिहिलं असेल?

‘अंतःकरण म्हन्जे?’ ती म्हणाली.

मी समजावून सांगितलं.

‘माय रडली, असं लिवलं असन. रडली त रडलीच म्हनते मानूस.’ मग म्हणाली, ‘आता काहून इचारून राहिले, भाऊजी? ती होती तवा तिले बोलू देलं का तुमी?’

हिवरखेडची माणसं अशीच बोलतात, लपेटून नाही. मी फोन ठेवला तेव्हा तिचा राग आला होता. आणि रागाला जागा नव्हती, म्हणून दुपारचं जेवलो नाही. असल्या वेळी रुसायचं कुणावर, तेही एक कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं अकोल्याला गेलो. वही शोधायला. चौदा वर्षांनी. छापखान्याच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, मालक वारले होते, त्यांचा संगणक भंगारात गेला होता. शेजारी मात्र बाइंडर चाचा अजून होते, पुठ्ठे आणि खळीचा डबा घेऊन त्याच ओट्यावर. छापखान्याची सगळी बांधणी तेच करायचे. मला ओळखलं. मी वहीचं विचारलं, दोनशेपानी, निळं मुखपृष्ठ.

‘वो लाल शाईवाली?’ चाचा म्हणाले. ‘हौ, याद है ना. पूरी लालच लाल होती. आमी समजलो का गुरुजींनी कोन्या पोराचा पेपर चुकून धाडला. नापास झालेल्याचा.’ ते हसले, मग माझं तोंड पाहून थांबले. ‘किसकी थी, गुरुजी?’

‘बायकोची.’

त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. ‘मालक गेले तवाच रद्दीवाल्यानं सारं उचललं, गुरुजी. कुछ नहीं बचा.’ मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मी चहा प्यायलो. अकोल्याचं ऊन त्या ओट्यावर सरकत माझ्या पायापर्यंत आलं तरी उठवेना. नापास झालेल्याचा पेपर. मी आजवर हजारो पेपर तपासले, पण नापास मुलाच्या पेपरावर मी इतकं लाल कधी केलं नव्हतं. मुलांना मी दया दाखवायचो.

अमरावतीला परतलो आणि मुलीला सांगितलं की वही गेली, आता जे आहे तेच छापू. माझं पुस्तक, माझ्या शब्दांत. लेखिका म्हणून फक्त तिचं नाव. ती म्हणाली, ‘आधी तपासून तरी पूर्ण करा. पहिली बावीस पानं तशीच पडली आहेत.’

ती बावीस पानं म्हणजे कटकट होती. तिथे यंत्र फारच चुकलं होतं. काही ठिकाणी स्वच्छ ‘मले’, काही ठिकाणी ‘मल/े’, ‘म%ा’, असा कचरा. ओळींच्या मधेच तुटकी अक्षरं. आणि तेविसाव्या पानापासून मात्र गडी एकदम शहाणा झाला होता, एक चूक नाही. मी म्हटलं, छापखान्यानं मधेच कागद बदलला असेल, किंवा खणात ओल लागली असेल. बाविसाव्या पानाच्या तळाशी लग्नाचं प्रकरण संपतं. तिथे शेवटचं वाक्य होतं, आणि त्याखाली यंत्रानं आणखी एक ओळ दाखवली होती, ‘हम्या%ईलव’.

अशी ओळ पुस्तकात नव्हती. मला पाठ होतं. शेवटचं वाक्य संपलं की कोरी जागा, मग पुढचं प्रकरण.

‘फोटो उघड बरं त्या पानाचा,’ मी मुलीला म्हणालो.

तिनं उघडला आणि मोठा केला. पडद्यावर माझी छापील अक्षरं बोटाएवढी झाली, आणि त्यांच्या अंगावर दुसरं काहीतरी दिसलं. राखाडी, बारीक. ‘मला’च्या ‘ला’ला जो काना असतो, त्यावर एक तिरकी रेघ. आणि वर, छापील ओळीच्या थोडी वर, एक मात्रा.

मी पुस्तक हातात घेतलं आणि दारात उजेडाला गेलो. पिवळ्या कागदावर पेन्सिल इतकी फिकट होती की माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना पान तिरपं केल्यावरच दिसली. यंत्राला मात्र दोन पायऱ्या गडद केल्यामुळे ती पहिल्या दिवसापासून दिसत होती. ते चुकलंच नव्हतं. जे पानावर होतं तेच ते वाचत होतं, आणि मी त्याला ढ म्हणत होतो.

तिनं माझं पुस्तक तपासलं होतं. अगदी माझ्या पद्धतीनं. माझ्या लाल खुणा पाहून ती शिकली असणार. काना खोडून मात्रा, चुकीच्या अक्षराभोवती गोल, राहिलेल्या शब्दासाठी खाली काकपदाची टोकदार खूण. ‘पानमळा’तल्या ‘ळ’ला गोल करून वर ‘य’. ‘स्फटिकासमान’ सबंध खोडून वर ‘नितय’, म्हणजे नितळ. ‘हिरवीगार शोभा’ खोडलेली आणि त्या जागी काहीच नाही, कारण तिथे तिनं काही लिहिलंच नसणार. आणि ‘अंतःकरण भरून आले’ यावर आडवी रेघ, वर एक शब्द, ‘रडली’.

बावीस पानं. तेविसाव्या पानापासून कोरं. मुलगी माझ्या शेजारी उभी राहून पानं उलटत होती आणि तिला रडू आवरत नव्हतं, मला मात्र ते येत नव्हतं, कारण मला एक दुपार आठवली होती. पुस्तक निघाल्यानंतरच्याच महिन्यातली असेल. मी शाळेतून लवकर आलो. ती शिलाई मशीनवर वाकून बसली होती, समोर हे पुस्तक, हातात पेन्सिलीचा तुकडा. मी चपला काढता काढता म्हणालो, ‘काय लेखिकाबाई, स्वतःच्याच प्रेमात पडलात की काय?’ तिनं पुस्तक मिटून खणात सारलं. ‘काई नाई,’ ती म्हणाली, आणि लगेच अडखळून, ‘काही नाही. ब्लाउजचं माप लिहीत होते.’

माझ्या बोलण्यामुळे ती थांबली, असं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पण खरं सांगायचं तर ती त्यामुळे थांबली नसावी. ती बाविसाव्या पानावरच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबली. ते वाक्य तिच्या वहीत नव्हतं. ते मी घातलं होतं. लग्नाच्या प्रकरणाला शेवट गोड हवा म्हणून, तिच्या तोंडी, माझ्याबद्दल. ‘असा सुसंस्कृत जीवनसाथी मला लाभला, हे माझे परमभाग्यच म्हणावे लागेल.’

त्या वाक्यात तिनं काही दुरुस्त केलं नव्हतं. ‘मला’चा काना तसाच होता. फक्त खालच्या कोऱ्या जागेत, मुलाच्या वहीवर शेरा लिहावा तसं, गोल सुबक अक्षरात लिहिलं होतं,

हे म्या नाई लिवलं.

दवाखान्यातल्या शेवटच्या दोन दिवसांत ती माझ्याशी नुसती वऱ्हाडीत बोलली. ‘मले घरी न्या’ म्हणाली. ‘मले पानी द्या’ म्हणाली. तेव्हा मी दुरुस्त केलं नाही, आणि वर्षभर मी मनाशी तेवढंच धरून होतो, की शेवटी तरी मी तिला बोलू दिलं. बाविसावं पान हातात आल्यावर तेही राहिलं नाही. तिला बोलायचं होतं ते ती चौदा वर्षांपूर्वीच बोलून बसली होती. माझ्याच घरात, माझ्यापासून दहा पावलांवरच्या खणात.

पुस्तक आम्ही बावीस पानांचंच केलं. जिथवर तिनं तपासलं तिथवरच, तिच्या दुरुस्त्यांप्रमाणे. वर नाव तिचं, ‘मले आठवते ते’. पुढची चौतीस पानं माझी होती, ती मी घेतली नाहीत. मुलगी म्हणाली, ‘ते शेवटचं वाक्य काढून टाकू, बाबा. लोक वाचतील.’ पण ते काढलं तर त्याखालची तिची ओळ कशाला आहे ते कळणार नाही, आणि सगळ्या पुस्तकात तिच्या हातचं पुरं वाक्य तेवढं एकच आहे. बाकी सगळे काने, मात्रा, एकेक शब्द. म्हणून माझं वाक्यही ठेवलं.

तिची ओळ यंत्राला वाचता आली नव्हती. मीच टाइप केली, एका बोटानं. संगणकानं लगेच तीन शब्दांखाली लाल रेघा ओढल्या, ‘म्या’खाली, ‘नाई’खाली, ‘लिवलं’खाली, आणि बाजूला सुचवलं, ‘मी’, ‘नाही’, ‘लिहिलं’. मी तसंच ठेवलं.